दुसरी चावी

गाडी सुरू झाली, आणि दिगंबर चौधरीने आरशात बघून मिशीवरून हात फिरवेपर्यंत बंदही पडली.

त्याने पुन्हा चावी फिरवली. इंजिनाने आवाज दिला, जरा घरघरलं आणि गप्प बसलं. तिसऱ्यांदाही तेच. मुळीच सुरू होत नसती तर एक वेळ समजलं असतं. बॅटरी गेली म्हणायचं, पेट्रोल संपलं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण ही बया सुरू होत होती आणि काहीतरी आठवल्यासारखी थांबत होती. समोर वेगाच्या काट्याशेजारी एक लाल दिवा लुकलुकत होता. त्यात एवढीशी गाडी काढलेली आणि गाडीवर एवढंसं कुलूप. असला दिवा आपल्या गाडीत आहे हे दिगंबरला आज पहिल्यांदाच कळलं.

तो खाली उतरला. चावीवरचं बटण दाबलं, तर चारही दरवाजे टक् करून बंद झाले. पुन्हा दाबलं, उघडले. म्हणजे दरवाज्यांचं काही म्हणणं नव्हतं. मग इंजिनाच्या पोटात काय दुखत होतं, हे काही केल्या त्याच्या ध्यानात येईना.

उद्या आखाजी होती. बाकीचं जग तिला अक्षय्य तृतीया म्हणतं आणि सोनं घ्यायला धावतं. तापीच्या काठांवर मात्र आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. लिंबाला झोका बांधायचा, आमरस-पुरणपोळीचं जेवायचं आणि सासरहून आलेल्या पोरींनी दिवसभर गाणी म्हणत झुलायचं. पण लेक आपली आपण उठून येत नाही. आदल्या दिवशी भाऊ तिला न्यायला जातो. त्या भावाला मुराळी म्हणतात. मुराळी दारात आला की सासुरवाशिणीची मान ताठ होते, मग ती पन्नाशीला का टेकलेली असेना. आणि नाही आला, तर शेजारणी काही विचारत नाहीत. ते न विचारणं फार वाईट असतं.

दिगंबरची धाकटी बहीण योगिता नेपानगरला दिलेली होती. तिचा नवरा तिथल्या कागद कारखान्यात, राहायला कारखान्याचं क्वार्टर. दिगंबरच्या गावाहून, जैनाबादहून, तापीचा पूल ओलांडून बऱ्हाणपूर गाठलं की तासाभराचा रस्ता. एवढ्याशा रस्त्याने दिगंबर दोन आखाज्या गेला नव्हता. एका वर्षी फोपनारच्या मळ्यात केळीची कटाई होती. दुसऱ्या वर्षीही केळीची कटाईच होती. दोन्ही वेळा त्याने फोन करून तसं सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा पलीकडून "बरं" एवढंच ऐकू आलं होतं.

यंदा मात्र आई हटून बसली. रंभाबाई हिवाळ्यात दवाखान्यातून परत आली ती निम्मी होऊनच. परवा संध्याकाळी खाटेवर बसल्या बसल्या ती म्हणाली, "दिगू, यंदा योगिता आली नाही तं एक घागर जास्तीची आणजो. माह्या नावाची."

आखाजीला घागर भरतात ती गेलेल्यांच्या नावाने. दिगंबरच्या अंगावर काटा आला. त्याने तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला आणि म्हणाला, "मी येतो. गाडी घेऊन येतो, गाडीत बसवून आणतो तुले."

 मग योगिता म्हणाली, "यायचं तं ये, भाऊ. नाही जमलं तं यंदा फोन नको करजो. मी समजून घेईन."

काय समजून घेणार होती, हे विचारायचं धाडस दिगंबरला झालं नव्हतं. पण एवढं त्याला कळत होतं की यंदाची फेरी चुकली तर पुढच्या वर्षी कोणी वाट बघणार नाही, आणि जा म्हणून सांगायला आई तरी असेल की नाही, कोण जाणे.

आणि आता ही गाडी.

"अहो, मोटरसायकल काढा ना," ओट्यावरून सुनीता म्हणाली. दिगंबरची बायको मुळातच कमी बोलायची, आणि जे बोलायची ते नेमकं त्याला नको असायचं. "नाही तं बस आहे."

"गाडी घेऊन येतो म्हटलंय मी."

"तिनं गाडी कुठं मागितली?"

दिगंबर बॉनेटकडे वळला. शेजारचे कडूआबा तेवढ्यात कुंपणाजवळ आले होते. जन्मभर दुसऱ्यांचे ट्रॅक्टर हाकलेला माणूस. कुठल्याही यंत्राला एकच आजार होतो असं त्यांचं ठाम मत.

"हवा धरली," आबा म्हणाले. "डिझेलात हवा धरली."

"आबा, पेट्रोलची गाडी आहे."

"मग पेट्रोलात धरली. ढकल!"

ढकलली. आबा स्टिअरिंगवर, दिगंबर मागून, आणि रस्त्याने जाणारे दोघे-तिघे हौशी. उतारावर गाडीने गचका घेतला, इंजिन धरलं, सगळ्यांनी "चली, चली!" म्हणून गलका केला आणि गाडी रंभाबाईच्या गोठ्यासमोर जाऊन मेली. बहिणीच्या सासरी जायचं म्हणून घातलेल्या दिगंबरच्या पांढऱ्या शर्टावर डिकीवरच्या धुळीचे दोन पंजे उमटले. कोणीतरी म्हणालं, उंदरांनी वायर खाल्ली असेल. कोणीतरी लिंबू उतरवायला सांगितलं. लिंबू उतरवलं. लाल दिव्यावर त्याचाही काही परिणाम झाला नाही.

आणि इथे दिगंबरला स्वतःचीच एक गोष्ट कळली, जी त्याला मुळीच आवडली नाही. इंजिन दर वेळी बंद पडलं की त्याच्या जिवाचं पाणी पाणी होत होतं हे खरं. पण त्या पाण्याच्या तळाशी थोडं बरंही वाटत होतं. तीस-पस्तीस किलोमीटरवर एक दार होतं, त्या दारात उभं राहून काय बोलायचं हे त्याला माहीत नव्हतं. गाडी जोवर सुरू होत नव्हती, तोवर ते बोलायचं पुढे ढकललं जात होतं.

विपुल मेकॅनिक पुलापलीकडून आला तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. विपुलचं शहरात गॅरेज, अंगात पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आणि तोंडात अर्धी हिंदी. त्याने बॉनेट उघडलं आणि उत्साहाने सुरुवात केली.

"बॅटरी एकदम टाइट है काका. पेट्रोल येऊन राह्यलं. करंट येऊन राह्यला." मग त्याने आणखी काहीतरी पाहिलं आणि त्याचा उत्साह जरा ओसरला. "सब कुछ बराबर आहे, मग चालत काऊन नाही?"

"हे मी तुले विचारायले बोलावलं," दिगंबर म्हणाला.

विपुलने बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली. त्याबरोबर गाडी बोंबलायला लागली. चारही दिवे फडफडत होते, भोंगा कोकलत होता, गोठ्यातली म्हैस दावं तोडायला निघाली आणि उरलंसुरलं जैनाबाद "काय झालं, काय झालं" करत जमा झालं. विपुल चावीवरची सगळी बटणं एकदम दाबत होता. शेवटी आवाज थांबला तेव्हा कडूआबा शांतपणे म्हणाले, "हवाच आहे."

विपुल आडोशाला जाऊन इंदूरच्या कुठल्याशा मित्राशी फोनवर बराच वेळ बोलला. परत आला तो थोडा गंभीर होऊन.

"काका, वाईट नका मानू. ही चोर पकडायची सिस्टम आहे. गाडी तुमाले चोर समजून राह्यली."

"मले?" दिगंबरचा आवाज चढला. "माह्या दारात? माह्या गाडीत?"

"गाडीले दार-बिर नाही समजत. वो सिर्फ चाबी को पहचानती है. चावीच्या डोक्यात एक चिप असते, तांदळाच्या दाण्याएवढी. चावी लावली का गाडी त्या चिपले विचारते, तू माहीच ना? चिपनं जवाब देला तं ठीक. नाही देला तं दोन सेकंद चालणार न् बंद."

"पण दरवाजे उघडतात ना याच चावीनं!"

"ते बटण वेगळं, चिप वेगळी. दरवाजा बटणाचं ऐकतो, इंजिन चिपचं." विपुल थांबला. "काका, ही चावी कोणी खोलली व्हती का?"

दिगंबरने आधी आभाळाकडे पाहिलं, मग म्हशीकडे.

चावीचं जुनं कव्हर चिरलं होतं. महिनोन् महिने त्यावर रबर बांधून तो गाडी चालवत होता आणि त्याचं काही अडलं नव्हतं. पण बहिणीच्या क्वार्टरसमोर उतरायचं, चार माणसांत दाजींच्या टेबलावर चावी ठेवायची, आणि तिला रबर? म्हणून काल तो मुद्दाम पूल ओलांडून बऱ्हाणपुरात शनवारा चौकात गेला होता. तिथे छत्रीखाली बसणाऱ्या चावीवाल्याने बटणांची पट्टी आणि पातं काढून नव्या चकचकीत कव्हरात बसवून दिलं. बटण दाबलं की पातं खटकन बाहेर येई. दिगंबरने ते घरी येईपर्यंत कितीदा तरी उघडलं-मिटलं होतं. पायी गेला होता तो. गाडीत बसून चावी फिरवून बघायचं त्याला सुचलंच नव्हतं.

विपुलने टाचणीने ते चकचकीत कव्हर उघडलं. बटणांची पट्टी होती, गोल सेल होता, आणि कोपऱ्यात एक छोटीशी खाच होती. खाच रिकामी होती.

"ये देखो. जुन्या कव्हरात राहून गेली."

"मग जुनं कव्हर आणू!"

विपुल मोटरसायकलवर गेला आणि घामाघूम होऊन परत आला. चावीवाल्याची छत्री मिटलेली होती. आखाजीच्या लग्नसराईत तो बायकोच्या माहेरी वरातीला गेला होता, आणि काल संध्याकाळचा कचरा सकाळच्या घंटागाडीत गेला होता. तांदळाच्या दाण्याएवढा एक जीव आता कुठल्या उकिरड्यात गाडीची वाट बघत पडला असेल, कोण जाणे.

"हरकत नाही," विपुल म्हणाला. "दुसरी चाबी लाओ. प्रत्येक गाडीसंगं दोन येतात. तिच्यात चिप असणारच. लावली का गाडी चालली."

दिगंबरच्या जिवात जीव आला. दुसरी चावी! एवढी साधी गोष्ट आपल्याला आधी का सुचली नाही म्हणून त्याने कपाळावर हात मारला आणि घरात धावला. कपाटातल्या वरच्या खणात गाडीचे कागद होते, विम्याचं पाकीट होतं, शोरूमवाल्यांनी दिलेली गणपतीची छोटी मूर्ती होती. चावी नव्हती. त्याने खालचा खण उपसला, सुनीताच्या साड्यांच्या घड्या विस्कटल्या. देवघरात पाहिलं. धान्याच्या कोठीवर पाहिलं.

"सुनीता! दुसरी चावी कुठं आहे?"

सुनीता कणीक मळत होती. तिने मान वर केली नाही. आणि मान वर न करण्याची तिची जी तऱ्हा होती, त्यावरून दिगंबरला कळलं की हिला माहीत आहे.

"सुनीता?"

"तिले नको विचारू. मले विचार," खाटेवरून रंभाबाई म्हणाली. "ती चावी योगिताकडं आहे."

दिगंबरला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. आईचं आजारपण आता डोक्यात गेलं, असंही क्षणभर वाटलं.

"योगिताकडं? गाडीची चावी? तिच्याकडं काऊन?"

"मी पाठवली. गाडी आली त्या वर्षीच्या दिवाळीत जावई पाव्हणे फराळ घेऊन आले व्हते, त्यांच्या हाती देली."

"पण काऊन, माय?"

रंभाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होती की हा माणूस पोटचा असून एवढा मठ्ठ कसा निघाला.

"तिचा मान तू विसरला. मी नाही विसरली."

दिगंबर खाटेच्या काठावर बसला. बाहेर विपुल "मिली क्या काका?" म्हणून हाका मारत होता.

त्याला तो दसरा आठवला. तसा तो दिवस तो विसरला नव्हताच. त्यात काय चुकलं हेच त्याला इतकी वर्षं सापडत नव्हतं. चौधरींच्या घरात कुठलीही नवी वस्तू आली की तिला पहिलं कुंकू बहीण लावते. बापाने विहीर खणली तेव्हा आत्या आली होती. मोटारपंप बसवला तेव्हाही आत्याच आली होती, आणि ती येईपर्यंत बापाने पंपाची कळ कोणाला दाबू दिली नव्हती. गाडी ठरली तेव्हा दिगंबरने योगिताला रीतसर बोलावलं होतं. ये म्हटलं होतं, पूजेचं ताट तूच आण म्हटलं होतं. मग दसऱ्याला भटजींना पुढे दहा गाड्या होत्या, ते घाई करू लागले. नेपानगरची बस काही येईना. सुनीताची बहीण दीपाली पाहुणी म्हणून आलेली होती, ती नटूनथटून उभीच होती. कोणीतरी म्हणालं, दीपालीताई, तुम्हीच लावून टाका. तिने लावलं. नारळ फुटला, फोटो निघाले, पेढे वाटले.

आणि मग योगिता आली. बसथांब्यापासून उन्हातून चालत, हातात रुमालाने झाकलेलं ताट. फाटकाशी थांबून तिने बॉनेटवरचा हार पाहिला, कुंकवाचं स्वस्तिक पाहिलं. दिगंबर हसत पुढे गेला होता आणि म्हणाला होता, "झाली पूजा, योगे. ये, बस, पेढा खा."

तिने पेढा खाल्ला होता. चहा घेतला, आईच्या पायाला तेल लावून दिलं आणि संध्याकाळच्या बसने गेली. आवाज चढला नाही, शब्दाला शब्द लागला नाही. म्हणूनच तर दिगंबर गोंधळला होता. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. पेढा खाल्लेल्या माणसाचा राग कुठून शोधायचा? तो अधूनमधून सुनीताला विचारायचा, "मी काय केलं गं तिले?" सुनीता म्हणायची, "काहीच नाही केलं." ते उत्तर किती खरं होतं, हे त्याला आज आईच्या खाटेवर बसल्यावर समजलं. त्याने फक्त थोडं थांबायला हवं होतं. तेवढंही त्याने केलं नव्हतं.

"मले सांगायचं तं व्हतं, माय," तो म्हणाला. 

"सांगून देलेला मान, मान असते का?" रंभाबाई म्हणाली आणि कुशीवर वळली.

बाहेर विपुलला सगळं सांगावं लागलं. त्याने शीळ घातली. "मतलब जिसको लाने के लिए गाडी चाहिए, गाडीची चावी तिच्याचकडं? काका, तुमच्या घरची सिस्टम गाडीच्या सिस्टमपेक्षा भारी आहे."

विपुलने दिगंबरला मोटरसायकलवर बसवून स्टँडवर सोडलं. नेपानगरची बस खच्चून भरली होती, आणि भरलेली होती ती मुराळ्यांनीच. नवे शर्ट, कपाळाला गंध, हातात खरबूज नाहीतर आंब्याची पाटी. कोणी कोणाला विचारत नव्हतं कुठे निघालात म्हणून. सगळे एकाच कामाला निघालेले. शेजारचा एक तरणा पोर दिगंबरच्या शर्टावरचे धुळीचे पंजे बघून हसला आणि म्हणाला, "काका, बहिणीच्या घरी कुस्ती खेळायले चालले का?" दिगंबरही हसला. मग त्याच्या लक्षात आलं की आपण हातात काहीच घेतलेलं नाही.

रस्ताभर त्याने बोलायचं जुळवून पाहिलं. आधी न्यायला आलो म्हणायचं, पाणी प्यायचं, दाजींची चौकशी करायची आणि मग सहज, उठता उठता, चावीचा विषय काढायचा. नको, ते लबाडीचं वाटतं. मग आधी चावीचंच सांगायचं. तेही नको, तिला वाटेल चावीसाठीच आला. आणि इथे येऊन तो अडकायचा. कारण ते खोटं होतं का? गाडी सकाळीच सुरू झाली असती तर तो गाडीतून गेला असता, चावी टेबलावर ठेवली असती, चार माणसांनी पाहिली असती. दुसरी चावी कपाटात मिळाली असती तरी तेच. आता तो बसमध्ये उभा होता तो आईने चावी पाठवली होती म्हणून, की योगिता एकटी वाट बघत होती म्हणून? त्याने खूप ताणून पाहिलं, पण दोन्ही धागे एकमेकांत असे गुंतले होते की कुठला कुठला ते त्याला सांगता येईना. पन्नाशी उलटली तरी आपल्याला आपलं मन कळत नाही, याची त्याला लाज वाटली.

क्वार्टरांच्या ओळीत लिंबाच्या झाडांना झोके बांधून झाले होते. बहुतेक दारांत चपलांचे ढीग होते आणि आतून भावाबहिणींचं हसणं ऐकू येत होतं. योगिताच्या दारात एकही परकी चप्पल नव्हती. ती पायरीवर बसून लसूण सोलत होती, पण नजर रस्त्यावर, गाड्या येतात त्या वळणाकडे. दिगंबर उलट्या बाजूने, बसस्टँडकडून आला, म्हणून तो अगदी जवळ येईपर्यंत तिला दिसलाच नाही.

"योगे," तो म्हणाला.

ती दचकली. उठली. त्याच्या मागे पाहिलं, रस्त्यावर पाहिलं. "गाडी?"

बसमध्ये जुळवलेलं सगळं त्याच्या डोक्यातून उडालं. "गाडी सुरूच होत नाही. चावीतलं काहीतरी हरवलं. माहीच चूक. दुसरी चावी..." तो थांबला. "मायनं सांगितलं आज. मले माहीतच नव्हतं."

योगिताने हात पदराला पुसले. लसणाची टोपली खाली ठेवून आत गेली. आत खुर्ची सरकल्याचा, दाजी काहीतरी हळू विचारत असल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात छोटं तांब्याचं ताम्हन होतं आणि ताम्हनात चावी.

चावी ओळखू येत नव्हती. हळदकुंकवाचे थरावर थर बसून तिचं काळं कव्हर तांबूस झालं होतं. बटणांच्या फटींत अक्षता अडकल्या होत्या. वर सुकलेलं आपट्याचं पान होतं.

"गाडी काही आली नाही कधी," योगिता म्हणाली. "मग दर दसऱ्याले हिचीच पूजा केली. चावीले लावलेलं गाडीले लागतच असंन ना."

दिगंबरला त्यानंतरचे दोन्ही दसरे आठवले. तो दोन्ही दिवशी गाडी धुऊन, हार घालून बऱ्हाणपुरात मिरवून आला होता. गाडीला काही झालं नव्हतं, कधी साधा ओरखडा नव्हता, आणि तो सगळ्यांना सांगत फिरत होता की आपलं ड्रायव्हिंगच तसं आहे. 

तिने ताम्हन पुढे केलं. "घे. याच्यासाठीच आला ना?" मग त्याच्याकडे सरळ बघत तिने विचारलं, "का मले न्यायले आला?"

खोटं बोलणं सोपं होतं. तिला तेच हवं होतं, असंही वाटत होतं.

"सकाळी उठलो तव्हा तुलेच न्यायले निघालो व्हतो," तो म्हणाला. "मग गाडी बिघडली तं गाडीचंच घेऊन बसलो. बसमध्ये बसलो तव्हापासून मले काहीच समजून नाही राह्यलं, योगे. खरंच नाही समजून राह्यलं." त्याने ताम्हनातली चावी उचलली. बोटांना कुंकू लागलं. ती चावी त्याने तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटवली. "ही तुही आहे. तुह्याकडंच राहू दे. गाडी राह्यली उभी तं राहू दे. तू फक्त घरी चाल. बसनं चाल, माह्यासंगं."

"मायनं पाठवलं का तुले?"

"मायनं पाठवलं. पण आता मी म्हणून राह्यलो."

योगिता मिटलेल्या मुठीकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा एकदम वाकडातिकडा झाला, लहानपणी गुडघा फुटल्यावर व्हायचा तसा, आणि ती झटकन वळून आत गेली. दार तिने लोटलं नाही. दिगंबर पायरीवर उभाच राहिला. ही येतेय की नाही, हे त्याला आताही कळेना. कपाट उघडल्याचा आवाज आला, बंद केल्याचा आला. दाजी बाहेर आले, त्यांनी त्याला पाणी दिलं, शर्टाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही.

ती बाहेर आली ती नवी साडी नेसून. पदराच्या टोकाला गाठ मारलेली, गाठीत चावी, आणि साडीवर कुंकवाचा डाग पडत होता त्याची तिला फिकीर नव्हती. हातातली पिशवी तिने पायरीवर ठेवली आणि कुंपणापाशी गेली. पलीकडच्या क्वार्टरमधली बाई कपडे वाळत घालत होती.

"ओ पूर्णिमाताई!" योगिताने हाक मारली. गरज होती त्याहून पुष्कळ मोठ्याने, सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशी. "तुळशीले पाणी घालजा परवापर्यंत. मी माहेरी चालली."

पूर्णिमाताईंनी हातातलं कापड तसंच धरून रस्त्यावर पाहिलं. "कशी जाणार? गाडी दिसत नाही कुठं?"

"गाडी नाही आली," योगिता म्हणाली. "भाऊ आला."

दिगंबरने खाली वाकून तिची पिशवी दोन्ही हातांनी उचलली. डोळे पुसायला हात मोकळा राहिला नाही, म्हणून ते त्याने तसेच राहू दिले.